एक्याऐंशी पोचपावत्या

जबाब देणार : टपालबाई (या भागात सर्वजण याच नावाने ओळखतात, दप्तरी नाव ओळखपत्रावरून वेगळे उतरवून घेतले आहे), वय ५४ वर्षे, व्यवसाय टपाल वाटप, राहणार टपाल कार्यालयामागील इमारत, दुसरा मजला.

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी मुलीसह राहते. नाल्यापलीकडच्या वस्तीचे टपाल बावीस वर्षे माझ्याकडे आहे. तिथल्या घरांना धड क्रमांक नाहीत, पण कोणाचे दार कुठे ते मला तोंडपाठ आहे.

चालू महिन्याच्या तीन तारखेस मतदार यादीच्या कार्यालयाकडून या वस्तीची ८६ रजिस्टर पत्रे माझ्याकडे वाटपास आली. पैकी ८१ पत्रे ज्याची त्याच्या हातात देऊन पोचपावतीवर सह्या घेतल्या. चारजण दुसरीकडे राहायला गेले होते, ती पत्रे तसा शेरा मारून परत केली. राहिलेले एक पत्र शिलाईवाल्या काकूंच्या यजमानांच्या नावाचे होते. ते मागच्या महिन्यात वारले. त्यावर 'मयत' हा शेरा माझ्या हस्ताक्षरात आहे. तो लिहिताना काकू दारात उभ्या होत्या.

काकूंनी स्वतःचे पत्र माझ्यासमोरच फोडले. आपण या पत्त्यावर राहत नसल्याचे आढळल्याने आपले नाव यादीतून कमी करण्यात येत आहे, असा मजकूर होता. सगळ्या पत्रांत तोच होता. काकू म्हणाल्या, "बाई, मी इथे राहतच नाही म्हणे. मग आत्ता तुम्ही सही कोणाची घेतलीत?" आम्ही दोघी हसलो. काकू आधी थांबल्या.

तीन वर्षांपूर्वी ऐन निवडणुकीच्या तोंडावर काकूंनीच वस्ती एकत्र करून, पूल नाही तर मत नाही असे सांगून, नाल्यावर पूल मागून घेतला होता. नावे का कमी झाली ते मला माहीत नाही. पूल कसा झाला ते माहीत आहे.

पत्रात दिलेली हरकतीची मुदत सतरा तारखेस सायंकाळी पाचला संपत होती. त्या दिवशी वाटप संपवून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी अडीच वाजता मतदार यादीच्या सदर कार्यालयात गेले. गणवेश अंगावर होता. वस्तीतील मतदार बाकांवर आणि जिन्यात रांगेने बसले होते. ओरडा नव्हता. एक आजोबा घोरत होते, तेवढाच आवाज.

खिडकीवरचे साहेब म्हणाले, "आमचा माणूस जाऊन आलाय. घरांना कुलपं होती."

काकूंनी विचारले, "किती वाजता?"

"सकाळी अकरा."

"अकराला आम्ही तुमच्या घरांत कामाला असतो, साहेब. तिथे बघायचं होतं."

रांग हसली. साहेबांनी खिडकी लावायला सांगितले. काकूंनी चौकटीवर हात ठेवला. रखवालदाराने त्यांना ढकलले, त्या बाकावर पडल्या. उजवे मनगट सुजले. त्यावरच त्यांचे पोट आहे. रांगेतले दोघे तरुण उठले, तेव्हा काकू खालूनच म्हणाल्या, "बसा. जागा गेली तर पुन्हा मिळायची नाही." ते बसले.

मी पुढे जाऊन सांगितले की ही पत्रे मी वाटली असून सह्या केलेल्या पोचपावत्या याच कार्यालयात परत आल्या आहेत. साहेब म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा."

मी म्हटले, "केलंय. म्हणूनच सांगतेय."

आम्ही कपाट फोडल्याचे साहेबांनी पोलिसांत दिलेल्या तक्रारीत लिहिले आहे, ते खोटे आहे. आतले कारकून उठून म्हणाले, "साहेब, आहेत पावत्या. मीच लावून ठेवल्यात." त्यांनी कमरेच्या किल्लीने कपाट उघडले. गठ्ठा त्यांनी टेबलावर नीट ठेवला. त्यांच्यावर कारवाई झाल्यास मी त्यांच्या बाजूने कुठेही साक्ष देईन.

मग साहेबांनी सह्या पडताळायला घेतल्या. एकेक पावती वाचली जात होती, ज्याची त्याने उठून सही करून दाखवायची. काकूंनी डाव्या हाताने केली. जुळेना, तेव्हा साहेबांनी हरकत घेतली. काकूंनी उजवे मनगट त्यांच्यासमोर धरले. साहेबांनी पुढची पावती घेतली.

दुसरीकडे राहायला गेलेल्या चौघांची नावे काढावीत, हे मीच सांगितले. मयताचे पाकीट निघाल्यावर साहेबांनी काकूंकडे पाहिले. काकू म्हणाल्या, "यांचं नाव काढा. हे गेलेत. आम्ही आहोत."

चार वाजून पन्नास मिनिटांनी ८१ नावे कायम केल्याची नोंद झाली. त्यावर साहेबांची सही आहे.

मी मतदारांना चिथावले काय, असे विचारले असता सांगते की, मी खरे ते सांगितले आणि पुन्हा सांगेन. नोकरीवर परिणाम होईल याची कल्पना आहे काय, असे विचारले असता सांगते की, आहे.

हा जबाब मला हळू वाचून दाखवला. लिहिणाऱ्या हवालदारांनी दोन ठिकाणी 'जमाव' लिहिले होते. तो शब्द खोडून 'मतदार' लिहायला लावला, दोन्ही ठिकाणी बाजूला माझी सही आहे. आता बरोबर आहे.