तेल मुरलेलं बोळकं

मंडळी, हात जोडून एकच विचारते. श्रद्धा घट्ट असावी, असं आपण सगळेच म्हणतो. पण किती घट्ट? कान बुजतील इतकी? सांगा ना! ... बरं, नका सांगू. आधी ऐका.

हुपरी! चांदीचं गाव, घरोघरी पैंजण घडतात. तिथल्या या मथुराक्का. मालक, म्हणजे तात्या, चांदीचे कारागीर. त्यांना साखरेचा आजार, आणि पायाच्या अंगठ्याला जखम. महिना झाला तरी भरेना! शेजारीण म्हणाली, "चांदीचं पाणी पाजा की!" झालं! अक्कांनी नेम धरला — अकरा दिवस चांदीचं पाणी, तोवर दवाखान्याची पायरी नाही!

हसू नका हो. नेम म्हटला की आपण अशाच. मी सोळा सोमवारवाली. सोमवारी आमचं मांजरसुद्धा माझ्या वाटेला जात नाही!

सून शर्मिष्ठा दवाखान्यात नर्स. ती म्हणाली, "आत्या" — तिकडं सासूला आत्या म्हणतात — "पाय आधी डॉक्टरांना दाखवूया. उशीर झाला तर अंगठा जाईल."

"शुभ बोल गं बाई! माझ्या नेमात खोडा घालू नकोस."

आणि मांडला की संसार ओट्यावर! काचेची बरणी, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, चांदीच्या दोन तारा, रेडिओचे सेल. पण एका तारेवर काळी काजळी धरे, ती तरंगत दुसरीकडं जाई, आणि सगळं पाणी गढूळ! मध्ये पडदा हवा. अक्कांनी चक्का बांधायचं फडकं लावलं. काजळी आरपार! चौपदरी केलं. तरी आरपार!

मग अक्का देवघरात गेल्या. समईच्या तेलाचं मातीचं बोळकं, वीस वर्षांचं. पुसून त्यात पाणी भरलं, काजळी धरणारी तार आत, दुसरी बाहेर, आणि बोळकं ठेवलं बरणीत. काय सांगू मंडळी! दोन दिवस बाहेरचं पाणी आरशासारखं!

"बघ गं, देवाच्या बोळक्यानं काजळी अडवली! आता पिवळी झाक आली की पाजायचं!"

शर्मिष्ठानं वाद घातला नाही. गुपचूप वीज मोजायचा मीटर आणून तारांना लावला. काटा ढिम्म!

"आत्या, काजळी आली नाही, कारण काहीच आलं नाही. तेल मुरून मातीची बारीक छिद्रं बुजलीत. वीजच जात नाही."

"मग?"

"संक्रांतीचं कोरं बोळकं उरलंय ना?"

कोरं ठेवलं. काटा हलला! काजळी आतच राहिली, आणि संध्याकाळपर्यंत बाहेरच्या पाण्याला उन्हासारखी पिवळसर झाक. अक्कांचे डोळे भरले. वाटी भरून तात्यांकडं निघाल्या, तोच सुनेनं मनगट धरलं. हलकेच हं, मंडळी!

"पडदा झकास जमला. पण हे पाजू नका. पोटात गेलेली चांदी अंगात साठते, कातडी कायमची निळसर पडते. आणि जखम यानं भरत नाही, आत्या."

अक्कांचा पारा चढला. तोंड उघडलं — आणि नजर ओट्यावर गेली. दोन बोळकी शेजारी शेजारी. एक तेलानं चकाकणारं, एक कोरं, मातकट.

अक्का थबकल्या. हळूच म्हणाल्या, "यातलं मी कुठलं गं?"

सून लागली ओटा पुसायला! पण आतून तात्या ओरडले, "तेलाचं!"

अहो, तिघंही हसली! हसता हसता अक्कांनी पदर खोचला. "शर्मे, रिक्षा बोलव."

डॉक्टर म्हणाले, "आणखी चार दिवस, आणि अंगठा काढावा लागला असता." म्हणजे वाचला! आणि नेमाचं काय? पाळला की! उरलेले आठ दिवस सुनेनं सांगितल्याबरहुकूम अक्कांनी नेमानं पट्टी बदलली. ते पाणी? तात्या म्हणाले, "चांदी हाय, मोरीत न्हाई!" कारागीर हात धुतलेल्या पाण्यातलीही चांदी गाळून घेतात, त्याच पिंपात ओतलं.

मंडळी, बोळकं देवाचंच होतं. तेलही देवाचंच. म्हणून काय ते कोरं ठरलं? काजळी अडवायची, पण वाट बुजवायची नाही. घरी गेलात की कुणी आपलं माणूस तुम्हाला नको असलेलं काही सांगेल. तो एक थेंब समजा. कोऱ्या बोळक्यात मुरतो तसा मुरू द्या. तेलकट बोळक्यावरून ओघळतो तसा ओघळून गेला, तर देवासमोर बसून हळूच विचारा, "देवा, यातलं मी कुठलं रे?"

पण विचारताना दार उघडं ठेवा हं. आतून कुणीतरी उत्तर देईल!