दोन साहेब, एक गाडी

दवाखान्यात औषधांच्या रांगेत माझ्या पुढे दोन पिकल्या केसांचे ड्रायव्हर उभे होते. एक सत्ताधारी खासदाराचा, दुसरा विरोधी खासदाराचा.

“वहिनींचं इंजेक्शन स्वस्त होणार होतं ना?”

“कायदा झाला तर. तुझे साहेब सभागृह चालू देतील तेव्हा.”

“आणि तुझे साहेब उत्तर द्यायला उभे राहतील तेव्हा.”

“बघ, आपणही लागलो भांडायला.”

“आपले दोन्ही थोरले साहेब असते तर... दिवसभर एकमेकांची सालटी काढायचे आणि संध्याकाळी माझ्या गाडीत मागे शेजारी शेजारी बसायचे.”

“मी आपला रिकामी गाडी घेऊन तुझ्या मागे.”

“तळ्याला दोन फेऱ्या मारल्या की मिटलेलं असायचं सगळं.”

“पेन्शनच्या कायद्याला तीन लागल्या होत्या.”

“आता त्यांचे चिरंजीव, आपले हे साहेब, एकमेकांकडे बघतही नाहीत.”

“पुढच्या महिन्यापासून हिचं इंजेक्शन बंद करावं लागेल, बाबा. झेपत नाही आता.”

खिडकीतून पुढचा नंबर पुकारला गेला. विरोधी खासदाराचा ड्रायव्हर मित्राकडे वळला.

“उद्या सभागृह सुटलं की माझी गाडी दारातच बंद पडेल. तू तुझ्या साहेबांना घेऊन तिथे ये, आमच्या साहेबांना तुझ्या गाडीत बसवतो.”

“नवी कोरी गाडी आहे तुझी. कशी बंद पडेल?”

“ड्रायव्हर जुना आहे.”