काठीभोवतीचा बर्फ

ताई, तुम्ही विचारलंत म्हनून सांगतो, मी मोरेश्वर. आमच्या घरात सगळे मिठागरावरचे, आजा, बापूस, चुलते, सगळे. आता लोकांना वाटतं मिठागर म्हनजे पानी भरलं आनि ऊन लागलं की झालं मीठ, पन तसं नाय हो, आधी जमीन तुडवायला लागते. पावसाळा संपला की वाफ्यातला चिखल पायानं तुडवायचा, दहा-बारा मानसं खांद्याला खांदा लावून, हात धरून, आधी टाच मग चवडा, पुढं गेलं की मागं, पुढं गेलं की मागं, चार-चार दिवस. जमीन ओट्यासारखी टनक झाली पायजे, नायतर पानी मुरतं नि मिठात चिखल येतो. माझा बापूस पुढं उभा राहून हाळी द्यायचा, दाब रे दाब, आनि आम्ही दाबायचो.

आनि ढगाची भीती. काय सांगू तुम्हाला, उन्हाळ्यात मिठाच्या राशी लागलेल्या असल्या नि वसईच्या खाडीवर टीचभर ढग दिसला तरी बापूस जेवत नसे. एक सर आली की महिन्याची मेहनत विरघळून खाडीत. म्हनून मी अजून ढग बघितला की आधी झाकायला ताडपत्री शोधतो.

पुढं मिठागर बंद पडलं. मी गोखिवऱ्याला एका कंपनीच्या कँटीनला लागलो, चहा, नाश्ता, भात. तिथल्या ठेकेदारानं एकदा विचारलं, मोरेश्वर, वर हिमाचलात एका हॉटेलाला हिवाळ्यापुरता स्वयंपाकी पायजे, जातोस का? बायको म्हनाली, तुम्हाला डिसेंबरात अंगावर दोन चादरी लागतात, तिथं काय करनार? पन गेलो.

हॉटेल कसलं, दहा खोल्या, त्याच्यामागं एक उतार, आनि लोकांना वर ओढून न्यायला एक दोर. लोक पायाला पट्ट्या बांधून वरून घसरत खाली यायचे, त्याचे पैसे द्यायचे. मी पोचलो तेव्हा धुकं होतं, काय दिसलं नाय. सकाळी दार उघडलं नि मी तसाच उभा राहिलो. ताई, खरं सांगतो, मला वाटलं मीठ. अख्खा डोंगर मिठाचा. ना वाफा, ना पानी, ना कोनी डोक्यावरून पाट्या वाहिलेल्या, वरून कोनी ओतून ठेवलंय आनि राखायला कोन नाय. माझा बापूस जन्मभर राबला ती रास ह्या डोंगरापुढं चिमूटभर. मी वाकून हातात घेतलं, जीभ लावली. अळनी! मी एकटाच हसलो, आनि डोळ्यांत पानी आलं, का आलं ते माहीत नाय.

मालक म्हातारे होते, बाबूजी म्हनायचे सगळे. चहाला मी सगळ्यांच्या आधी उठायचो म्हनून त्यांनी मला काठीचं काम दिलं. स्वयंपाकघराच्या मागं एक रंगवलेली काठी पुरलेली, तिच्यावर आकडे आनि एक लाल रेघ. रोज सकाळी बर्फ कुठवर आला ते बघायचं नि दारातल्या फळ्यावर लिहायचं, बर्फ किती, भुसभुशीत की कडक, आनि उद्याच्या हवेचं मोबाईल काय म्हनतो ते. तिथं उलटं बघा, ढग आला की हॉटेलातली सगळी पोरं नाचायची आनि मी एकटा बाहेर वाळत घातलेलं आत ओढायचो.

त्या वर्षी बर्फ कमी. बाबूजी दिवसातनं दहा वेळा मोबाईल बघायचे. शेवटी त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, शनिवारपर्यंत लाल रेघ बुडाली तर उतार उघडू, नाय बुडाली तर बंद, आनि यंदा बंद झाला तर कायमचाच, मुलगा जागा विका म्हनून मागं लागलाय. तेवढं बोलून ते उठून गेले. त्या उतारावर त्यांचं आयुष्य गेलेलं.

मोबाईल म्हनायचा बर्फ, आनि पडायचाही, दिवसभर पडायचा, पन सकाळी काठीवर दोन बोटंच वाढलेली. मी तेच लिहायचो. बाबूजी फळ्यापुढं उभे राहून मान हलवायचे. मग मी दिवसातनं चार-चार वेळा काठीपाशी जाऊन बघायचो.

शुक्रवारी ते स्वतः काठीपाशी आले, खाली बघितलं, आनि म्हनाले, मोरेश्वर, ये क्या है? काठीभोवती गोल, गुळगुळीत, टनक रिंगन. मी पन ते तेव्हाच बघितलं, तोंडातनं निघालं, बाबूजी, ही तर जमीन केलीय, मिठागरासारखी. रोज काठीशी आलो की माझे पाय आपोआप चालायचे, टाच, चवडा, टाच, चवडा, मला ठाऊकसुद्धा नाय. मापायच्या जागेचाच बर्फ मी दाबून टाकत होतो! त्यांनी दहा पावलांवर दुसरी काठी खुपसली, ती लाल रेघेच्याही वर बुडाली. मला धरनी दुभंगावी असं झालं. मानसाचं घर बुडवायला निघालो होतो मी, माझ्या पायांनी.

पन बाबूजी ओरडले नाय. ते माझ्या रिंगनात उभे राहिले, दोनदा उड्या मारल्या. मग म्हनाले, दोन दिवसांनी कडक ऊन सांगितलंय, भुसभुशीत सगळा जाईल, हा नाय जानार. सगळा उतार असा करशील?

ताई, दोन दिवस. भांडी घासनारे, खोल्या झाडनारे, घसरायला शिकवनारी पोरं, स्वतः बाबूजी, सगळे खांद्याला खांदा लावून, आनि पुढं मी, दाब रे दाब! ती पहाडी पोरं पन मराठीत ओरडायला लागली, दाब रे दाब! चाळीस वर्षांनी बापसाचा आवाज माझ्या गळ्यातनं निघाला, आनि समोर केवढा तो हिमालय ऐकत उभा.

मग ऊन पडलं. छपरं गळली, झाडं मोकळी झाली, शेजारचा डोंगर काळा पडला. आमचा उतार पांढरा तो पांढराच. लोक आले, दोर फिरला. त्या दिवशी फळ्यावर बाबूजींनी स्वतः लिहिलं, कडक.

तेव्हापासून दर वर्षी जातो. इथं मिठागराच्या जागी इमारती झाल्या, तुडवायला काय उरलं नाय. यंदा गुडघा धरलाय, बायको नको म्हनते, पन बाबूजींचा फोन आला, तू तुडवू नको, नुसती हाळी दे. तर जानार. रोज सकाळी त्यांच्या फळ्याचा फोटो येतो मोबाईलवर, अजून काय पडलं नाय बर्फ. मग मी देवापुढं हात जोडतो नि म्हनतो, देवा, तिकडं ढग पाठव. मिठागरवाल्याचा पोरगा ढग मागतोय! बापूस असता तर पायतान फेकून मारलं असतं, आनि मग विचारलं असतं, टनक झाली ना रे जमीन?