सोन्याच्या फुलांचा अर्धा फोटो

सारंग, मिहिका, परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकाच सुरात विचारलंत, आजी, एव्हरीबडी सेज वी आर इन दॅट फोटो, सो व्हेअर आर वी? मी तेव्हा नुसती हसले, कारण हे फोनवर सांगण्याइतकं लहान नाही. तुमचे बाबा सध्या इथे एटोबिकोला आलेत, आमचं घर आवरायला, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं एका छोट्या कॉन्डो फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहोत म्हणून. त्यांनीच ड्रॉवर उपसताना तो फोटो काढून तुम्हाला बर्नाबीला पाठवला. तेव्हा मी म्हटलं, आता तूच बस आणि लिहून घे. मी बोलते आहे, ते टाईप करताहेत. त्यांना बजावलंय की आईचं वाक्य लांबलं तरी तोडायचं नाही.

मी मूळची नागपूरची. मिशनच्या शाळेत शिकले, इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, मग लायब्ररीचा डिप्लोमा, आणि लग्न करून थेट इकडच्या थंडीत आले. तुमचे आजोबा आधीच इथे इंजिनियर होते. नोकरी मलाही लागली ती इथल्या सार्वजनिक लायब्ररीत, आणि रिटायर होईपर्यंत मी तिथेच होते. प्रत्येक पुस्तकाचं एक छोटं कार्ड, कार्डावर नंबर, नंबराप्रमाणे कपाटात जागा. तीच सवय घरात आली. माझ्या डाळींच्या डब्यांना लेबलं असतात, आणि आजोबा आल्यागेल्याला सांगतात, हिने मलाही नंबर देऊन ठेवलाय, म्हणून मी हरवत नाही.

तर पणजी. पणजी म्हणजे आजोबांची आई, माझ्या सासूबाई. आम्ही इतकी वर्षं बोलावत होतो आणि त्यांचं एकच, तिथं येऊन मी काय करू बाप्पा, माझं काय काम आहे तिथं. मग तुम्ही जन्मलात, एक सोडून दोन, आणि नागपूरहून फोन आला, आता काम निघालं, तिकीट काढ. आल्या त्या काठी टेकत, आणि पर्समध्ये कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी. मला वाटलं, औषध. उघडली तर आत कापसावर सोन्याची छोटी छोटी फुलं.

आपल्याकडे पणतवंडाचं तोंड पाहिलं की पणजीच्या डोक्यावर सोन्याची फुलं उधळतात, तुम्हाला ठाऊक नसेल. ही फुलं खरं तर दुसऱ्यांनी आणायची असतात. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, कुमुद, तुला इथं सोनार कुठे सापडणार, म्हणून मीच आणली, उधळायची मात्र तुम्ही. आणि काय सांगू तुम्हाला, पणजोबा गेल्यापासून कुठल्याही समारंभात त्या मागे भिंतीशी बसायच्या, कुणी म्हटलं नाही तरी. हा एकच मान असा होता की तो त्यांच्याच डोक्यावर व्हायचा होता. त्यात निघताना नागपुरात त्यांच्या जाऊबाईंनी टोमणा मारला होता, परदेशात कोण करून राहिलं तुमचं असलं काही. त्यावर या म्हणून आल्या होत्या, फोटोच आणून दाखवते. त्यामुळे कॅमेरा तयार आहे ना, हे त्यांनी विमानतळावरच विचारलं, जावयाच्या प्रकृतीची चौकशी करावी तसं.

कॅमेरा तयार होता, नवाकोरा, डिजिटल, तुमच्या बारशासाठीच घेतलेला. पण आजोबांचा हात जुना, रोलच्या काळातला, एका प्रसंगाला एकच फोटो, उगाच रोल फुकट घालवायचा नाही. बारशाच्या दिवशी मी म्हणत होते, अहो यात रोल नाही, काढा की चार. तेवढ्यात फुलं उधळली गेली, खटकन एक आवाज झाला आणि ते म्हणाले, झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खंडेनवमी आली. आजोबा दरवर्षी आपली हत्यारं पूजेला मांडायचे, हिशेबाचा स्लाइड रूल, ड्रिल, गाडीची किल्ली, बर्फ उपसायचं स्नो शोव्हल, आणि त्या वर्षी पणजी म्हणाल्या, तो फोटोचा डबा पण ठेव रे वसंता, यंदा सगळ्यात जास्त काम त्यानेच केलं. बॅटरी चार्जिंगला लावलेली, म्हणून कॅमेऱ्याचं खालचं झाकण उघडंच होतं, आणि त्याच झाकणाच्या आत ते छोटं मेमरी कार्ड असतं. आजोबांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फुलाने पाणी शिंपडलं. मनापासून केली हो पूजा. कॅमेऱ्याच्या पोटापर्यंत पोचली.

संध्याकाळी पणजींना टीव्हीवर फोटो दाखवायचे म्हणून आजोबांनी कॅमेरा लावला तर पडद्यावर आलं, कार्ड एरर. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला, तेच. कार्ड बाहेर काढलं तर त्याच्या सोनेरी पट्ट्यांना कुंकू चिकटलेलं. मी माझं खोडरबर आणलं, हलक्या हाताने पट्ट्या पुसल्या, ब्रशने खाच साफ केली, आणि कार्ड परत घातलं. या वेळी कॅमेऱ्याने वेगळंच विचारलं, फॉरमॅट कार्ड? हो की नाही?

आता बघा, घरात दोन शिकलेली माणसं. मी म्हटलं, फॉरमॅट म्हणजे मांडणी, आम्ही पुस्तकाचा फॉरमॅट म्हणतो ना, तसं, फोटो विस्कटले असतील ते नीट लावून देणार असेल. आजोबा म्हणाले, बरोबर, आम्ही कॉम्प्युटरला भोकं पाडलेली कार्डं द्यायचो तेव्हाही फॉरमॅट लिहायचो, आकडे कुठल्या रकान्यात छापायचे एवढंच त्यात असायचं, आकड्यांना धक्का नाही. आमच्या संसारात इतक्या लवकर एकमत कधी झालं नव्हतं. त्यांनी हो दाबलं, आणि पडद्यावर आलं, नो इमेजेस.

मग आजोबा म्हणाले, आधी कॅमेरा चालतो का ते बघू, आणि त्यांनी फ्रिजचा फोटो काढला. मग खिडकीचा. मग स्वतःच्या चपलांचा. सगळे उत्तम आले. मी तोवर तुमच्या बाबांना ऑफिसात फोन लावला, आणि सगळं ऐकल्यावर ते, जे एरवी आपल्या वडिलांशी आवाज चढवत नाहीत ते, म्हणाले, बाबा, स्टॉप, आता एकही फोटो काढू नका. मग मला म्हणाले, आई, तुझ्या भाषेत सांगतो, फॉरमॅटने कॅटलॉगची कार्डं फेकून दिली, पुस्तकं अजून कपाटात आहेत, पण जागा रिकामी आहे असं समजून प्रत्येक नवा फोटो एकेक जुनं पुस्तक ढकलून तिथे बसतो. मला एका क्षणात कळलं. हे आधी कळायला हवं होतं असं मी आजोबांकडे बघून म्हणणार होते, पण ते चपलांकडे बघत बसले होते, म्हणून नाही म्हटलं.

कार्डाच्या कडेला एक इवलीशी कडी असते, ती खाली सरकवली की त्यावर काही लिहिलं जात नाही. बाबांनी फोनवर सांगितलं तशी मी ती सरकवली, आणि कार्ड ठेवायला सुरक्षित, कोरडी जागा शोधताना हाताला लागली ती फुलांची काळी डबी. फुलांच्या कापसावरच ठेवलं. त्या रात्री आजोबा नीट जेवले नाहीत. पणजींनी पाहिलं आणि विचारलं, काहून रे, पोटात दुखून राहिलं का. ते म्हणाले, तुमचा एकच फोटो होता आई. त्यावर त्या भाताचा घास मोडत राहिल्या, आणि मला तेच जास्त लागलं, कारण जाऊबाईंचा टोमणा आम्हा तिघांनाही आठवत होता.

शनिवारी सकाळी बाबा लॅपटॉप आणि तुम्हाला घेऊन आले, त्या वर्षी तुम्ही सगळे इथेच जवळ राहत होतात. हरवलेले फोटो हुडकायचा एक प्रोग्रॅम त्यांनी आणला होता. मी पोहे केले, ते तसेच निवत राहिले, आणि आम्ही सगळे पडद्याभोवती, तुम्ही दोघं सुद्धा, आईच्या मांडीवर. आधी फ्रिज आला, खिडकी, चपला. बाबा म्हणाले, पाहुणे आल्याचे फोटो यांच्या खाली गेले, ते आता नाहीत. मग पाळणा आला, नावं ठेवणाऱ्या आत्याबाई आल्या, आणि मग तो फोटो वरून खाली हळूहळू उलगडायला लागला. पणजींचं पांढरं डोकं. वर हवेत फुलं. त्यांचे मिटलेले डोळे, आणि इतकं मोठं हसू की मी ते घरात एरवी कधी पाहिलं नव्हतं. हनुवटीपर्यंत आला, आणि त्याखाली नुसता करडा रंग. बाबांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. त्या फोटोचे कार्डावर दोन तुकडे होते म्हणे, दुसरा सापडेना. तुम्ही दोघं त्या करड्यात होतात.

आजोबा उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. पणजींनी चष्मा वर सरकवला, पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, वसंता, इकडे ये. फुलं दिसून राहिली ना? मग झालं तर. वरचा अर्धा दाखवीन, खालचा अर्धा सांगेन. तसंही फोटो दाखवला की लोक दोन मिनिटांत उठून जातात, सांगायला लागलं की बसतात.

आणि त्यांनी तसंच केलं. बाबांनी त्या अर्ध्याच फोटोच्या दोन प्रती छापल्या, एक इथे ड्रॉवरमध्ये राहिली, एक घेऊन त्या नागपूरला गेल्या, आणि जाऊबाईंनी विचारलं, खाली काय झालं, तेव्हा म्हणाल्या, बसा, सांगते. चहा दोनदा झाला म्हणे. पुढे देवाघरी जाईपर्यंत त्या येईल त्याला खालचा अर्धा सांगत राहिल्या. आजोबांनी त्यानंतर प्रत्येक प्रसंगाचे दहा दहा फोटो काढले, सारंगच्या मुंजीचे, तुमच्या वाढदिवसांचे, आणि पूजेला कॅमेरा ठेवताना आधी झाकण लावलं की नाही ते मला मोठ्याने विचारायचे. अजून विचारतात.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पणजींच्या अंगावर जांभळं इरकल लुगडं होतं. सारंग, तू डाव्या मांडीवर गाढ झोपला होतास, तोंड उघडं टाकून, आणि एक फूल तुझ्या झबल्यावर पडलं होतं, ते मीच उचललं. मिहिका, तू उजवीकडे, जागी, तुझा एक मोजा निसटलेला आणि पणजींचा पदर तुझ्या मुठीत, इतका घट्ट की फोटो झाल्यावर तो सोडवायला तुझ्या आईला यावं लागलं. एक फूल घरंगळत जमिनीतल्या हीटिंगच्या जाळीत गेलं. ते काही सापडलं नाही, ते या घरातच राहील. तुम्ही तिथे होतात. मी पाहिलंय.

तो जुना कॅमेरा आता सुरू होत नाही. काळी डबी माझ्याकडे आहे, तिच्यात उरलेली फुलं आहेत आणि ते कार्ड आहे. कडी अजून खाली सरकवलेली आहे, आणि एका कोपऱ्यात थोडं कुंकू आहे.