गाडीखालचा पुठ्ठा

(डोंबिवली पूर्व. रविवारची सकाळ. सोसायटीच्या आवारात एक राखाडी गाडी उभी आहे. गुणाजी तिच्यापुढे उकिडवे बसून खाली वाकून बघतायत. शेजारी इस्त्रीच्या शर्टातला साईनाथ.)

गुणाजी : ते सगळं खरं. पण मला एक सांगा साईनाथराव, माणूस मुलगी बघायला येतो, गाडीतून उतरतो, तर आधी काय करतो?

साईनाथ : काय करतो, काका?

गुणाजी : वर बघतो. गॅलरीत कोण उभं आहे ते बघतो. शर्ट खाली ओढतो. तुमचे आईवडील सरळ वर आले. आणि तुम्ही काय केलंत? डिकी उघडलीत, एवढा मोठा पुठ्ठा काढलात आणि गाडीखाली सरकवलात. आमची बायको रतन गॅलरीतून म्हणते, मुलगा डिकीतून पेढे काढतोय वाटतं.

साईनाथ : म्हणजे कसंय काका, तुमच्याकडे खाली नवीन लाद्या बसवल्यात. मला वाटलं, डाग पडायला नको.

गुणाजी : डाग कसला?

साईनाथ : ऑइलचा. थोडंसं गळतं.

गुणाजी : थोडंसं म्हणजे?

साईनाथ : थेंब.

गुणाजी : एक थेंब, का थेंब थेंब?

साईनाथ : एकच. मग बराच वेळ काही नाही. मग परत एक.

गुणाजी : म्हणजे थेंब थेंबच झालं की. कधीपासून?

साईनाथ : झाल्या असतील तीनेक दिवाळ्या.

गुणाजी : आणि दाखवलं नाहीत कुणाला?

साईनाथ : दाखवलं ना! कल्याणला पत्रीपुलाजवळ प्रीतमचं गॅरेज आहे. तो म्हणाला, खाली ऑइलच्या चेंबरचं पॅकिंग गेलंय, खोलून बदलावं लागेल. पण घाई नाही म्हणाला. ऑइलची पट्टी बघत राहा, कमी झालं की टाका. मी दर रविवारी पट्टी बघतो. आज पण बघूनच आलोय.

गुणाजी : घाई नाही हे तो तीन दिवाळ्यांआधी म्हणाला?

साईनाथ : हो.

गुणाजी : आता विचारलंत तर काय म्हणेल?

साईनाथ : म्हणून तर विचारत नाही.

गुणाजी : साईनाथराव, मी एसटीच्या खोपट डेपोला कंडक्टर होतो. जन्म गेला माझा गाडीत. आमच्या एका गाडीला असाच थेंब होता. ड्रायव्हर म्हणायचा, काही नाही, काही नाही. एक दिवस माळशेज घाटात गाडीने जी बसकण मारली ती मारली. पन्नास माणसं आणि एक बोकड, सगळे रस्त्यावर. बोकडाचं तिकीट काढलेलं. मालक मला सोडीना. म्हणे, दुसऱ्या गाडीत बोकडाला आधी जागा द्या, त्याला उभं राहायची सवय नाही.

साईनाथ : मग दिलीत?

गुणाजी : खिडकीची दिली. विषय तो नाही.

रसिका : पप्पा! वर सगळे खोळंबलेत. आई विचारते, मुलाला खाली ठेवून घेतलंय का पळवून लावलंय? त्याचे वडील तिसरा चहा पितायत. चौथा मागायला लाजतायत.

गुणाजी : ये बाय. हे साईनाथराव. आणि ही रसिका.

रसिका : जिला बघायला आलात ती मीच. वर येता येता जिन्यात कुणी दिसलं तर ती आमची शेजारीण, मंजुळा. गैरसमज नको.

साईनाथ : नमस्कार. मी येतच होतो वर. पण काकांनी गेटातच धरलं.

गुणाजी : धरणारच. गाडी तेल गाळते त्याची. तीन दिवाळ्या गाळतेय. आणि हा पठ्ठ्या डिकीत पुठ्ठा घेऊन फिरतो!

रसिका : बघू पुठ्ठा. अगंबाई, केवढा हा! कसलाय?

साईनाथ : टीव्हीच्या खोक्याचा. मोठ्या टीव्हीच्या.

रसिका : आणि एवढे डाग? गळतं तर एकाच ठिकाणी ना?

साईनाथ : हो, जागा बदलून ठेवतो मी. एकाच ठिकाणी पडलं तर पुठ्ठा भिजून फाटतो. हा नाशिकचा. हा आत्याच्या बारशाचा.

रसिका : आत्याचं बारसं?

साईनाथ : आत्याच्या नातवाचं. हा ठाण्याचा, तलावपाळीला गेलेलो तेव्हाचा. हा अंबरनाथचा.

गुणाजी : अंबरनाथला कोण आहे तुमचं?

साईनाथ : कोणी नाही. म्हणजे... तिथे पण बघायला गेलेलो.

रसिका : आणि हा मोठा?

साईनाथ : तो शहाडचा. तिथे पण तेच. त्यांनी जेवायला थांबवलेलं, म्हणून मोठा.

रसिका : जेवायला थांबवूनसुद्धा नकार?

साईनाथ : मुलीचे काका वकील होते. त्यांनी दोन तास प्रश्न विचारले. इथे पगार अजून कुणी विचारला नाही, म्हणून मला बरं वाटलेलं.

गुणाजी : अरे हो, पगार राहिलाच. ते नंतर. आधी माझं ऐक रसिका. जो माणूस वर्षानुवर्षं पुठ्ठा सांभाळतो आणि एक पॅकिंग बदलत नाही, तो संसारात काय करेल? काही बिघडलं की खाली पुठ्ठा घालेल. मला नाही पटत.

रसिका : पप्पा, आपल्या बेसिनखाली काय आहे?

गुणाजी : कुठल्या?

रसिका : एकच बेसिन आहे आपल्याकडे.

गुणाजी : बादली आहे. तो वेगळा विषय.

साईनाथ : बादली? नळ गळतो का, काका?

गुणाजी : नळ नाही, खालचा पाइप. फार नाही. थेंब.

साईनाथ : रोजची किती भरते?

गुणाजी : अर्धी. पावसाळ्यात पाऊण.

साईनाथ : पावसाळ्यात का?

गुणाजी : ते मलापण कळलेलं नाही.

साईनाथ : प्लंबर काय म्हणाला?

गुणाजी : म्हणाला, पाइप भिंतीत आहे. भिंत फोडावी लागेल. फोडली की आतला जुना पाइप दिसेल. तो दिसला की तो पण बदलावा लागेल.

साईनाथ : तेच! तेच म्हणतोय मी, काका! खोललं की वाढतं. आत्ता कसं, आपल्याला माहितीये किती गळतं. हिशेबात आहे. खोलल्यावर काय निघेल सांगता येतं का?

गुणाजी : अजिबात नाही! आणि खरं सांगू का, आमचे जुने ड्रायव्हर म्हणायचे, गाडी गळतेय म्हणजे आत तेल आहे. गळायची थांबली की घाबरायचं.

रसिका : पण तुमच्या नेहमीच्या गोष्टीत घाटात बोकड उभा होता ना?

गुणाजी : बोकड बसलेला होता. आणि त्या गाडीचं दुसरंच काहीतरी होतं. साईनाथराव, पुठ्ठ्याऐवजी जुना पत्रा का नाही वापरत? पुसता येतो.

साईनाथ : वापरलेला. वाजतो, काका. रस्ताभर डिकीत धडाम धडाम. आई म्हणाली, वरात आल्यासारखं वाटतं.

गुणाजी : पत्र्याला खालून गोणपाट शिवायचं.

साईनाथ : अरे! हे सुचलंच नाही मला.

गुणाजी : माझ्याकडे आहे गोणपाट. रसिका, मुलगा विचारी आहे गो. मला पसंत आहे. चला वर.

रसिका : मला नाही पसंत.

गुणाजी : का? आत्ता तर तू त्याच्या बाजूने बोलत होतीस!

रसिका : मी त्याच्या बाजूने नव्हते. मी बादलीच्या विरुद्ध होते. पप्पा, ती बादली रोज कोण ओततं?

गुणाजी : आपण ओततो.

रसिका : आपण म्हणजे कोण?

गुणाजी : रतन.

रसिका : आई. झोपायच्या आधी, कमरेवर हात ठेवून. तुम्ही फक्त सांगता की आज अर्धी भरली. हे बघा साईनाथ, मी ठाण्याला दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. रोज तुमच्यासारखे येतात. ‘मॅडम, जरासंच दुखतं.’ जरासंच! दोन वर्षं दाढेत लवंग दाबून बसलेले असतात. तोंड उघडलं की अख्ख्या दवाखान्यात मसालेभाताचा वास. लवंगेने बरं वाटतं म्हणे. वाटतं ना, वाटणारच. दाढ जाते ती जातेच. आणि घरात रोज लवंग कोण काढून देतं विचारा. बायको.

साईनाथ : पुठ्ठा मी स्वतः घालतो.

रसिका : पुठ्ठा घालताना कॉलरला काळं लागलंय तुमच्या. ते कोण धुणार?

साईनाथ : आई.

रसिका : पुढे?

साईनाथ : कळलं.

रसिका : मला एका बादलीतून उठून दुसऱ्या पुठ्ठ्यावर जायचं नाहीये. राग मानू नका. वर चला, पोहे खा, मंजुळेची शेवपण आहे. पण माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

गुणाजी : अगं, एका थेंबावरून स्थळ मोडतेस? लोक काय म्हणतील? पत्रिका जुळली आणि पॅकिंग आडवं आलं?

साईनाथ : नाही काका, त्या बरोबर बोलतायत. एक सांगू का? राग येणार नसेल तर.

रसिका : बोला.

साईनाथ : मागे एकदा आईचा मिक्सर आवाज करत होता. जरासाच. मी खोलला. साफ केला. बंद केल्यावर तीन स्क्रू उरले.

गुणाजी : उरले म्हणजे?

साईनाथ : म्हणजे सगळं बसलं, आणि तीन हातात राहिले. कुठले ते कळेना.

गुणाजी : मग मिक्सर?

साईनाथ : चालतो. अजून चालतो. पण आई त्याचं बटण लाटण्याने दाबते. दाराबाहेर उभी राहून. चटणी करायची असली की वडील जिन्यात जाऊन उभे राहतात. तेव्हापासून काही खोलायचं म्हटलं की मला ते तीन स्क्रू दिसतात. पैशांचं नाही हो. प्रीतमकडे दोनदा गेलेलो मी. त्याने पाना काढला आणि मी म्हटलं, राहू दे, पुढच्या रविवारी.

गुणाजी : अहो साईनाथराव, ही काय मुलगी बघायला आल्यावर सांगायची गोष्ट आहे? पगार सांगा, घर सांगा!

साईनाथ : त्यांनी खरं कारण विचारलं असतं, म्हणून आधीच सांगितलं.

गुणाजी : हसतेस काय रसिका?

रसिका : वडील जिन्यात जाऊन उभे राहतात!

साईनाथ : खालच्या मजल्यावर. आणि तिथून ओरडतात, झाली का चटणी?

रसिका : बाई गं... थांबा, पोटात दुखायला लागलं. पण साईनाथ, चेंबर तुम्ही कुठे खोलणार आहात? प्रीतम खोलणार ना?

साईनाथ : हो, पण तिथे उभं तर मलाच राहावं लागेल.

रसिका : मग मी उभी राहते.

साईनाथ : तुम्ही?

रसिका : माझं रोजचं काम आहे ते. डॉक्टर दाढ काढतात आणि घाबरलेल्या माणसाचा हात मी धरते.

गुणाजी : हात? अजून काही ठरलेलं नाही हां!

रसिका : पप्पा, मी दवाखान्याचं सांगतेय. गॅरेज आज उघडं असतं का?

साईनाथ : दुपारी एकपर्यंत.

रसिका : मग आत्ताच जाऊ. वर गेलो की पोहे होतील, मग चहा होईल, मग पुढचा रविवार होईल.

साईनाथ : आत्ता? आई वर आहे. वडील वर आहेत. आणि आतून काही मोठं निघालं तर?

रसिका : तर कळेल तरी. बसा गाडीत. पप्पा, तुम्ही वर जा, पाहुण्यांशी बोला.

गुणाजी : मी पण येतो. मला गाड्यांमधलं कळतं.

रसिका : तुम्ही घंटी वाजवायचात, पप्पा.

गुणाजी : घंटीशिवाय गाडी हलायची नाही, एवढं लक्षात ठेव! बरं, जा. पण सरळ जा आणि सरळ या. साईनाथराव, सांभाळून न्या.

साईनाथ : हो, काका. पुठ्ठा घेऊ?

रसिका : नको. राहू दे इथेच.

साईनाथ : गॅरेजमध्ये डाग पडला तर?

रसिका : गॅरेज आहे ते! चला, उघडा दार.

साईनाथ : एक मिनिट. जरा पाणी पितो.

रसिका : बाटली माझ्याकडे आहे. बसा.

गुणाजी : बेल्ट लावा दोघांनी! ...गेले. रतन! ए रतन! अगं, ओरडू नकोस, गाडी आपल्याच पाहुण्यांची आहे. नाही, मुलगा पळाला नाही. हो, रसिका बसली आहे त्यात. पळून कशाला जाईल, दिवसाढवळ्या, आईबाप वर असताना? पाहुण्यांना सांग, कल्याणला गेलेत, येतील तासाभरात. काय? पसंतीचं? नाही, पसंतीचं काही बोलले नाहीत. गाडी दुरुस्त करायचं ठरलंय फक्त. हो. दोघांचं मिळून.