जयगडला लागलेली बोट

आता हे समोर बसून चहा पितायत म्हणून हसते गो. त्या दिवशी वारा सुटला, यांची बोट परतली नाही आणि फोनही लागेना. सासूबाईंनी सकाळपासून दहादा विचारलं आणि दहाही वेळा मी मनानेच ठोकून दिलं, "बोट जयगडच्या खाडीत शिरलीय, काळजी नको."

दुपारी शेजारची सुमन धावत आली. "वयनी, रडतेस कसली? भावोजींची बोट जयगडला सुखरूप आहे. सगळं बंदर तेच बोलतंय!"

माझा जीव भांड्यात पडला. देवापुढे नारळ ठेवला, यांच्या वाटचा भातही चुलीवर चढवला. मग सहज विचारलं, "बंदरावर आधी कोणी सांगितलं गो?"

"तुझ्या सासूबाईंनी."