व्याह्यांच्या घरी वाजलेली रेकॉर्ड

नाव: आत्माराम केशव हेबाळकर. वय: ५८. धंदा: यंत्रांच्या सुट्या भागांचा पुरवठा. राहणार: स्टुटगार्ट-वेस्ट. जबाब पोलिसांपुढे, मराठीत, दुभाषी सुकन्या मॅडम यांच्यासमोर.

समक्ष हजर राहून सांगतो की, चोरीला गेलेली रेकॉर्ड चार युरोची आहे. न्युरेम्बर्गच्या फ्लोमार्क्टपर्यंतचं, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारापर्यंतचं पेट्रोल, पार्किंगचा दंड आणि पत्नी नीता हिला कबूल करावी लागलेली पैठणी धरता ती मला पाचशेला पडली. जुन्या ब्रिटिश पॉप-रॉक गाण्यांचं संकलन, भाग एक. अशी संकलनं मी बरीच वर्षं जमवतो.

मी सांगलीला रेडिओ दुरुस्त करत मोठा झालो. शिक्षण बेताचं, कान पक्के. सदर रेकॉर्डवर तिसऱ्या गाण्यात, गायक श्वास घेतो तिथे 'टक्' असं वाजतं. तो ओरखडा जगात फक्त माझ्या प्रतीवर आहे. हजारांत डोळे मिटून ओळखेन.

मुलगी वैभवी हिचा येत्या रविवारी साखरपुडा आहे. होणारे व्याही शिरीष टिल्लू गेल्या शनिवारी आमच्याकडे जेवायला आले होते. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही. तरी मी ही टक् ऐकवल्यावर त्यांनी कव्हर उलटसुलट करून पाहिलं आणि लेबलाचा फोटो काढला. कशाला, विचारलं तर "आल्झो, म्हणजे, सहजच" म्हणाले. सोमवारी कव्हर रिकामं आढळलं.

काल हॉलच्या वेळेबद्दल मी त्यांना फोन केला. मागे गाणं चालू होतं. तिसरं. श्वास, आणि टक्. काय लावलंय, असं मी हसतच विचारलं.

"रेडिओ हो, व्याहीबुवा," ते म्हणाले. लगेच गाणं बंद झालं.

त्यांना तोंडावर का विचारलं नाही, असं आपण विचारता. व्याह्यांना तोंडावर चोर म्हणण्याची आमच्यात पद्धत नाही. मुलगी त्या घरात जायची आहे. आपण विचारलंत तर ते सरकारी काम होईल, असं मला वाटलं. तक्रारदाराचं नाव त्यांना कळेल, हे मला इथे सांगण्यात आलं. मी पाणी मागितलं. मी इथे आल्याचं वैभवीला माहीत नाही.

सहीपूर्वी नीताचा फोन आला. रेकॉर्ड घरातच, भाग दोनच्या कव्हरात मिळाली. तिथे कोणी घातली, हे मी तिला विचारलं नाही. शिरीषराव साखरपुड्यात मला व्याह्याचा मान म्हणून तीच रेकॉर्ड, पण बिनओरखड्याची, देणार होते, असं ती म्हणाली. हे तिला आधीपासून ठाऊक होतं. तक्रार मागे घेतो. त्यांना कळवू नये, ही विनंती.

सुकन्या मॅडमनी सर्व मजकूर मोठ्याने वाचला, मी सांगितलं तसाच तो उतरला आहे. ओरखड्याबद्दलचं वाक्य तेवढं दुरुस्त करावं. नीता सांगते, शिरीषरावांनी तीन गावांहून तीन प्रती मागवल्या; काल फोनवर वाजली ती त्यांतलीच एक. तिन्हींत टक् आहे.